विहंग रोज तर्क लढवतो

हिंदमाताच्या त्या साड्यांच्या दुकानात लग्नसराई आटोपली की बंद गठ्ठे विकायला काढतात. पाच साड्या, वरून मांजरपाट घट्ट शिवलेलं आणि एक कोपरा बोटभर उसवलेला. त्या फटीतून जे दिसेल त्यावरून आतल्या पाचांचा अंदाज बांधायचा आणि घरी जाऊनच गठ्ठा उघडायचा. आत काही खराब निघालं तर बदलून मिळत नाही. तरी बायकांची झुंबड उडते, कारण गेल्या वर्षी शेजारणीला खरी पैठणी लागलेली असते.

सीमा गमरे तिथं आली होती मावसबहिणीच्या लग्नातल्या आहेरासाठी. लग्नसराई संपली म्हणून तिच्या घरची लग्नं थांबत नसत. मुहूर्त कुणी बघत नव्हतं. हॉल मिळाला, सगळ्यांना रजा मिळाली की लग्न. तिनं जांभळ्या काठाचा एक गठ्ठा उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तो नका घेऊ. कोपऱ्यातली तेवढी बरी असते. आतल्या चार फाटक्या निघतील."

सीमानं वळून पाहिलं. उंच, दोन्ही हातांत पिशव्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला आणि वर सरकवायला हात मोकळा नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," तो म्हणाला आणि हसला.

झालं. हा शब्द सीमासमोर काढायचा नव्हता. लहानपणापासून लोकांनी तिच्याबद्दल अंदाजच केले होते. म्युनिसिपालिटीच्या शाळेतली मुलगी, इंग्रजी काय जमणार. परळच्या चाळीतली, दहावीनंतर नोकरीच धरणार. आडनाव ऐकून तर कॉलेजातल्या बाईंनी तिला कुठल्या यादीतून प्रवेश मिळाला तेही मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. ती खुल्या यादीत चौथी होती. सीमा इंग्रजी घेऊन एम.ए. झाली त्यातला निम्मा अभ्यास तिनं रागानं केला होता, आणि त्या रागाचा तिला अभिमान होता. तिनं त्या माणसाकडे बघत बघत तोच गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि मागे न बघता बाहेर पडली. घरी उघडला तर पाचही साड्या लख्ख. आनंद झाला, पण तो माणूस भेटून त्याला हे सांगता येणार नाही म्हणून जीव चडफडला.

देव आहे की नाही यावर सीमाच्या घरात वाद नव्हता, नाहीच. पण सोमवारी जे घडलं त्याला कुणी तरी जबाबदार असलं पाहिजे. फणसवाडीतल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश तयार होत होता. सीमाला तिथं शब्दांचे अर्थ लिहायची नोकरी लागली होती. मुख्य संपादक चिंतामणी कोठारे, ज्यांना सगळे सर म्हणत, तिला खिडकीजवळच्या टेबलाशी घेऊन गेले. म्हणाले, तुम्ही अर्थ लिहायचा आणि हे विहंग तळपदे त्या शब्दाचं वाक्य लिहितील. विहंग तळपदेंनी मान वर केली आणि चष्मा खाली घसरला.

"पाचही चांगल्या निघाल्या," सीमा म्हणाली. ना नमस्कार, ना चमत्कार.

"माहीत होतं मला. तो गठ्ठा मला आत्यासाठी हवा होता."

सीमा भांडायला तोंड उघडून तशीच राहिली. खोटं बोलला म्हणून झापावं, की खरं सांगितलं म्हणून सोडून द्यावं, हे तिला ठरवता येईना. तिनं खुर्ची ओढली, जरा जास्तच आवाज करून.

कोशाचं काम करायची सरांची एक पद्धत होती. ते म्हणत, शब्द कसा वापरतात हे अर्थावरून कळत नाही, वाक्यावरून कळतं. आणि वाक्य जिवंत हवं. म्हणून आधी वाक्य खऱ्या माणसावर लिहायचं, खऱ्या नावासकट. शिपाई रमाकांतच्या चहावर, सरांच्या विसरभोळेपणावर, जे डोळ्यांसमोर असेल त्यावर. मग छपाईला जाण्याआधी शेवटच्या फेरीत सगळी खरी नावं काढून तिथं कुठलीही नावं घालायची. याला ऑफिसात 'नावं धुणं' म्हणत. ज्यानं वाक्य लिहिलं त्यानंच ती धुवायची.

आता दोन तरुण माणसं समोरासमोर बसवून त्यांना एकमेकांवर वाक्यं लिहायला लावल्यावर काय होणार, हे सरांना कळायला हवं होतं. पण सरांचं सगळं लक्ष शब्दांत.

'रिलक्टंटली', म्हणजे नाराजीनं, या शब्दाला विहंगनं वाक्य लिहिलं, की सीमा नाराजीनं चहा नको म्हणते आणि कप पुढे करते. सीमानं 'कॉवर्ड'चा अर्थ 'भित्रा' असा लिहून कंसात सूचना टाकली, की वाक्यासाठी फार लांब जाऊ नये, आरसा पुरेल. तो वाचून हसला आणि खारी मोडून मोठा तुकडा तिच्याकडे सरकवला. पावसाळाभर ती खिडकी अर्धी उघडी असायची. शिंतोडे विहंगच्या कागदांवर यायचे, पण तिला वारा लागतो म्हणून तो बंद करायचा नाही. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला, कारण त्या दिवशी तिनं चुकीच्या ओळीत तीन अर्थ लिहिले होते.

दसऱ्यापर्यंत 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं. शनिवारी अर्धा दिवस असायचा, तेव्हा दोघं चर्नी रोडपर्यंत चालत जायची. तो आत्याबद्दल बोलायचा. आईवडील गेल्यावर राजलक्ष्मी आत्यानंच त्याला वाढवलं होतं, ऑफिसपासून पाच मिनिटांवर, पिढ्यान् पिढ्यांच्या घरात. सीमा बोलायची बाबांबद्दल, गोदीतून निवृत्त झाल्यावर रोज तीन वर्तमानपत्रं वाचणाऱ्या. एवढं सगळं बोलणं व्हायचं आणि मधेच दोघं गप्प व्हायची… आणि मग दोघंही एकदमच रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागायची.

दिवाळीनंतर सीमाला स्थळ आलं. कॉटन ग्रीनचा उन्मेष, जनावरांचा डॉक्टर, सभ्य, बोलायला साधा. नाव ठेवायला जागा नव्हती. सीमानं नकार दिला. बाबांनी विचारलं, मनात कुणी आहे का? ती म्हणाली नाही, पुढे शिकायचंय. बाबा स्वतः कॉटन ग्रीनला गेले आणि त्या लोकांना हात जोडून सांगून आले, की मुलीला शिकायचंय, दुसरं कारण नाही, माझा शब्द आहे.

सीमानं विहंगला एवढंच सांगितलं, की डॉक्टरला नाही म्हटलं. आणि वाट पाहिली. विचार ना, का म्हणून. तो चष्मा वर सरकवत म्हणाला, "अच्छा…" आणि पुढचा कागद ओढला.

त्याच आठवड्यात एक शब्द आला, स्पेक्युलेट. सीमानं दोन अर्थ लिहिले. एक, पुरेशी माहिती नसताना तर्क लढवणे. दोन, पुढे लाभ होईल या आशेनं जोखीम घेणे, सट्टा खेळणे. विहंगचं म्हणणं पडलं, की हे दोन वेगळे अर्थ कशाला, दोन्हीत माणूस न कळणाऱ्या गोष्टीकडेच जातो. सीमानं पेन खाली ठेवलं.

"नाही जात. पहिल्या अर्थातला माणूस घरी बसून नुसता विचार करतो. त्याचं काही जात नाही. दुसऱ्यातला स्वतःजवळचं काहीतरी पुढे ठेवतो. तुला फरक कळत नसेल तर तू वाक्य कसं लिहिणार?"

एवढं चिडण्यासारखं त्या शब्दात काय आहे, हे विहंगला कळलं नाही. किंवा कळलं आणि तो गप्प बसला. माणसं शहाणी असली की हा एक घोळ असतो.

जानेवारीत कोशाची नमुना पुस्तिका छापून परळ-लालबागच्या चाळीसेक शाळांत वाटली गेली, शिक्षकांचं मत घ्यायला. सीमाचा भाऊ अभय. त्याची बायको दीपिका त्यातल्याच एका शाळेत शिकवायची. शुक्रवारी संध्याकाळी दीपिका घरी आली ती पुस्तिका हातात घेऊनच. नणंदेनं लिहिलेलं म्हणून कौतुकानं तिनं बाबांच्या हातात दिली. बाबा वर्तमानपत्र वाचतात तसं ओळ न् ओळ वाचायला लागले. स्पेक्युलेटशी थांबले. पहिल्या अर्थाखाली वाक्य होतं आणि त्याचं मराठी होतं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"सीमाने डॉक्टरला नकार का दिला असेल, यावर विहंग रोज तर्क लढवतो."

घरात कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा आगाऊपणा केल्यासारखी वाटली. आई ओट्यापाशी हात पुसत उभी राहिली. दीपिकानं जीभ चावली.

"हा विहंग कोण?" बाबांनी विचारलं. सीमानं सांगितलं, ऑफिसात आहे. मग बाबांनी दुसरं विचारलं, तू म्हणालीस मनात कुणी नाही, आणि मी त्या घरी शब्द देऊन आलो. ते काय होतं? सीमा म्हणाली, त्यानं मला काही विचारलेलं नाही, मी त्याला काही सांगितलेलं नाही. मग 'आहे' कशाला म्हणायचं? हे खरं होतं. पण खरं असूनही ते तिच्याच कानाला लंगडं वाटलं.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "त्याच्या घरी माहीत आहे का, तू कोण, कुठली?"

"ते मी विचारलेलं नाही," सीमा म्हणाली.

"मग ऐक. तू कुणाशी लग्न करावंस ते मी ठरवणार नाही, ते आपल्यात नाही. पण ज्याला त्याच्या घरात तुझं नाव काढता येत नाही, त्याचं नाव या घरात निघता कामा नये."

सीमाला त्या रात्री रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली की रडायला ओल शिल्लक राहत नाही.

शनिवारी ती ऑफिसात पोचली तेव्हा विहंग पुस्तिका उघडून बसला होता, चेहरा पांढराफटक. सर प्रेसमध्ये गेले होते. रमाकांतनं तिचा चेहरा पाहिला आणि शहाण्यासारखा दूध आणायला निघून गेला.

"सीमा, मी… मला आत्ताच दिसलं. बाकी सगळी धुतली मी. दोनशे नोंदींतली सगळी नावं. ते एक राहिलं."

"राहिलं कसं?"

"धुववेना." तो टेबलाकडे बघत होता. "शेवटी करू म्हणून ठेवलं. मग फाइल गेली."

दुसरी कुणी असती तर या शब्दावर विरघळली असती. सीमाच्याही आत कुठंतरी काहीतरी हललं, पण तिनं त्याला तिथंच दाबून बसवलं. काल रात्री बाबांचा चेहरा तिनं पाहिला होता, यानं नव्हता पाहिला.

"तुझ्या घरी माझं नाव घेतलंयस का कधी?"

त्यानं पुस्तिका मिटली.

"विचारतेय मी. सात महिने झाले. आत्याला माहीत आहे, सीमा गमरे म्हणून कुणी आहे?"

"ऑफिसात एक… चांगली मुलगी आहे, एवढं बोललोय. नाव नाही. आडनाव नाही. आत्या जुन्या वळणाची आहे, सीमा. ती काय म्हणेल याचा मला अंदाज होता."

"अंदाज." सीमाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तो फार वाईट असतो. "मी नकार का दिला त्याचा अंदाज. आत्या काय म्हणेल त्याचा अंदाज. माझ्यावर वाक्य छापलंस तू, चाळीस शाळांत वाटलंस, आणि तुझ्या घरात तुला एक नाव उच्चारता आलं नाही. माझा बाप तुझ्यामुळे खोटा ठरला, विहंग. लोकांनी आयुष्यभर माझ्याबद्दल परस्पर ठरवलं, मला सवय आहे. तूही तेच केलंस, फक्त खारी देऊन."

तिनं पुस्तिका उचलली आणि दाराकडे निघाली. कुठे चाललीस, त्यानं विचारलं. तुझ्या आत्याला विचारायला, ती म्हणाली, तुला तर जमणार नाही. आणि धाडधाड जिना उतरायला लागली. हात दाखवून अवलक्षण, असं कुणी म्हटलं असतं. तिला त्या क्षणी पर्वा नव्हती. मागून त्याच्या चपलांचा आवाज येत होता, आणि "सीमा, थांब… सीमा, निदान मी आधी…"

राजलक्ष्मीबाई पुढच्या खोलीत वाल सोलत होत्या. भिजवलेल्या वालांची परात मांडीशी, बोटं हिरवट झालेली. सीमा उंबऱ्याबाहेर थांबली. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. परळची, कोणत्या चाळीतली, वडील गोदीत होते, आम्ही बौद्ध, सगळं एका दमात. मग पुस्तिका उघडून ते वाक्य दाखवलं आणि म्हणाली, हे तुमच्या भाच्यानं लिहिलंय. माझ्या घरी सगळ्यांनी वाचलं. तुम्हाला तो सांगणार नव्हता, कारण तुम्ही काय म्हणाल ते त्याला आधीच माहीत आहे म्हणे.

आत्यांनी वाक्य दोनदा वाचलं. चष्मा काढला. विहंग एव्हाना दाराशी धापा टाकत उभा होता.

"मी काय म्हणणार होते रे?" त्यांनी विचारलं.

"आत्या, मला वाटलं, तू—"

"तुला वाटलं. अठ्ठावीस वर्षं तुला वाढवलं मी. माझ्या मनात काय आहे हे मला न विचारता तू ठरवून टाकलंस? आणि जे ठरवलंस ते असं, की मी इतक्या हलक्या मनाची?" मग सीमाकडे वळून त्या म्हणाल्या, "आनंद झाला असं खोटं नाही सांगणार गं. धक्का बसलाय. मला चार दिवस लागतील, कदाचित चार महिने. नातेवाईक बोलतील, ते मला ऐकावं लागेल. पण मला विचारायला हवं होतं. मी काय म्हणाले असते ते मलासुद्धा आत्ता कळतंय."

एवढं खरं सीमाशी सहसा कुणी बोलत नसे. तिचा राग जागच्या जागी उभा राहिला, पण त्याचं तोंड मात्र पुन्हा विहंगकडे वळलं. आत्यांनी तिला आत बसायला सांगितलं आणि विचारलं, तुझी काय इच्छा आहे.

"मला अजून कुणी विचारलेलंच नाही," सीमा म्हणाली.

आता दोघी त्याच्याकडे बघत होत्या. विहंगनं चष्मा वर केला. तो खाली आला. पुन्हा वर केला.

"माझ्याशी लग्न करशील?" त्यानं विचारलं. पुढे काही जोडलं नाही. 'मला वाटतं' नाही, 'कदाचित' नाही.

सीमा उठली. "हे माझ्या बाबांसमोर विचारायचं. शब्द त्यांचा गेलाय." तो म्हणायला लागला, की ते बहुतेक… आणि मधेच स्वतःच थांबला. "चल," म्हणाला.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. लालबागपाशी बस ट्रॅफिकमध्ये अडकली. त्याचा हात सीटच्या दांडीवर होता. तिचा हात त्याच्या हाताला लागला, आणि तिनं तो काढला नाही, इतकंच.

शनिवारची दुपार, चाळीच्या गॅलरीत सगळ्यांची दारं उघडी. परका माणूस सीमामागे जिना चढून येताना बघून बायकांनी हातातली कामं हळू केली. दारात बाबा उभे होते. विहंगनं नाव सांगितलं.

"तर्क लढवता ते तुम्हीच का?" बाबांनी विचारलं.

"हो. चुकलो. तुमची मान खाली गेली ती माझ्यामुळे. घरी आत्याला आज सांगितलं…" तो अडखळला. "नाही. मी नाही सांगितलं. सीमानं सांगितलं. मला सांगायला जमलं नव्हतं."

बाबांनी विचारलं, "का नाही जमलं?"

"भीती वाटत होती. आत्याची म्हणत होतो, पण ती हिची होती. ही नाही म्हणाली असती तर ऑफिसात समोर बसून रोज काय करायचं, याची. म्हणून विचारलंच नाही."

"आता विचारलंत?"

"मघाशी. अजून उत्तर नाही मिळालं."

बाबा सीमाकडे वळले. आई आणि दीपिका मागे येऊन उभ्या राहिल्या. गॅलरीत शेजारच्या खोलीतला रेडिओसुद्धा कुणीतरी बारीक केला होता. सीमाचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. सबंध आयुष्यात ती इतकी चिडली नव्हती आणि इतकी घाबरलीही नव्हती. यानंतर ही गोष्ट परत घेता येणार नव्हती.

"डॉक्टरला ह्याच्यामुळे नाही म्हटलं मी," ती म्हणाली. "बाबा, तुमच्याशी खोटं बोलले. ह्यानं विचारलं नव्हतं, आणि विचारेल याची खात्री नव्हती, तरी मी चांगलं स्थळ सोडलं." मग विहंगकडे वळून, गाल पुसत, "आणि तू रोज तर्क लढवत होतास, मूर्खा. दोन हातांवर बसले होते तुझ्यासमोर."

बाबांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि दारातून बाजूला झाले.

"आत या," ते म्हणाले.